गोधडीचे दिवस

भाद्रपद सरत आला, की यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीचे रूप पालटू लागते. चार महिने चिखलाने जड झालेल्या पाऊलवाटा कोरड्या होतात. अरुणावती, अडाण, बेंबळा, पूस या नद्यांचे गढूळ पाणी निवळते आणि पात्रातील दगडगोटे पुन्हा दिसू लागतात. आकाश धुऊन काढल्यासारखे स्वच्छ होते. रानात पऱ्हाटीला बोंडे धरलेली असतात. ज्वारीची कणसे दाण्यांच्या भाराने वाकू लागलेली असतात. शरद ऋतू आला, हे शेतकऱ्याला पिकावरून कळते. गृहिणीला मात्र ते घराकडे पाहून कळते. पावसाने मातीच्या भिंतींचे पोपडे निघालेले असतात, ओसरीच्या कडेला शेवाळ चढलेले असते आणि अंथरुणा-पांघरुणांना कुबट वास येत असतो. सणांची रांग दाराशी उभी असते. घटस्थापना, दसरा, कोजागरी आणि दिवाळी असे पाहुणे पाठोपाठ येणार, आणि त्यांच्या स्वागताला घर नव्यासारखे दिसावयास हवे! परंतु नवे करण्यासाठी नवे विकत आणणे हा मार्ग खेड्यातील घराला क्वचितच मोकळा असे. जुन्यातूनच नवे निर्माण करावे लागे, आणि ती विद्या घरोघरी स्त्रियांच्या हातात होती.

या कामाचा आरंभ धुण्याने होई. घट बसण्यापूर्वी घरातील सारी पांघरुणे नदीवर नेण्याचा प्रघात महाराष्ट्रात सर्वत्र आहे. डोक्यावर गोधड्यांची गाठोडी घेऊन बायका सकाळीच नदीची वाट धरीत. पाण्याने भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. म्हणून दोघीजणी तिची दोन टोके धरून पीळ घालीत आणि पाणी निथळल्यावर ती तापलेल्या खडकावर पसरून देत. दुपारपर्यंत नदीकाठ लाल, निळ्या, हिरव्या चौकटींनी भरून जाई. एका घराचे दारिद्र्य आणि एका घराची ऐपत तेथे शेजारी शेजारी वाळत पडे, आणि लांबून पाहणाऱ्याला त्यांतील भेद ओळखू येत नसे.

पुढे घराची पाळी येई. भिंतींचे पोपडे मातीने बुजवून त्यांवर पांढऱ्या मातीचा हात फिरवीत. जमीन शेणाने सारवीत. सारवणाऱ्या हाताची वर्तुळे जमिनीवर उमटत आणि ती वाळल्यावरही अंगणाला नक्षी दिल्यासारखी दिसत. दसऱ्याच्या दिवशी दाराला झेंडूची फुले आणि आंब्याची पाने यांचे तोरण लागे. मुलींचा सण याच दिवसांत येई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती आणि भुलोजी म्हणजे शंकर. मातीच्या या जोडीपुढे संध्याकाळी मुली जमतात, टाळ्यांच्या तालावर गाणी म्हणतात आणि झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ खेळतात. कोजागरीच्या रात्री भुलाबाईवर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव घालतात. हिरवी पाने व कणसे तशीच राखलेले ते धांडे उभे केले, की घराच्या कोपऱ्यात शेतच अवतरते.

या सजावटीत एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. झेंडू परसातला, आंबा बांधावरचा, धांडे शेतातले, माती नदीकाठची आणि शेण गोठ्यातले. सजवण्यासाठी लागणारी एकही वस्तू दुरून आणलेली नसे, आणि काम संपल्यावर तिचा ढीगही साचत नसे. तोरण सुकून खतात जाई, धांडे गुरांच्या पुढे जात. ऋतू जे देई त्याने घर सजे आणि ऋतू संपताच ते पुन्हा मातीला मिळे. या साऱ्या वस्तूंत एकच वस्तू अशी होती, की जी ऋतूबरोबर संपत नसे. उलट, वर्षानुवर्षे घरात राही. ती म्हणजे गोधडी.

गोधडी शिवण्यास शरदाचे दिवस सर्वांत सोयीचे. निंदण आटोपलेले असते, कापसाची वेचणी अजून जोरात सुरू झालेली नसते आणि उन्हाला कडकपणा आलेला असतो. थंडी पडण्यास अवकाश असतो, पण ती येणार हे ठाऊक असते. अशा वेळी गृहिणी वर्षभर बाजूला ठेवलेल्या जुन्या वस्त्रांचे बोचके सोडते. नऊवारी लुगडे विरले, की त्याचे काठ आणि पदर बहुधा शाबूत असतात. धोतर मध्ये फाटते, पण कडेला टिकते. सदऱ्याची पाठ जाते, बाह्या राहतात. प्रत्येक वस्त्रातील जिवंत भाग ओळखून तो कापून घेणे ही या कलेची पहिली परीक्षा होय.

मग सारवलेल्या जमिनीवर एक मोठे लुगडे अंथरतात. त्यावर जुन्या कापडाचे थर, एकावर एक, चुणी न पडू देता पसरतात. कापड सरकू नये म्हणून कोपऱ्यांवर वरवंटा किंवा पाटा ठेवतात. वर पुन्हा एक धड लुगडे घालून प्रथम लांब लांब टाके टाकून सारे थर एकत्र बांधून घेतात. त्यानंतर खरे शिवण सुरू होते. जाड सुई, दुहेरी दोरा आणि धावदोऱ्याचा टाका. कोठे उभ्या समांतर ओळी घालतात, तर कोठे कडेपासून मध्याकडे चौकोनात चौकोन येईल असे टाके घालतात. जेथे कापड विरलेले असेल तेथे रंगीत ठिगळ बसते, आणि ते केवळ भोक झाकण्यासाठी बसत नाही. लाल ठिगळाशेजारी पिवळे घ्यावे की हिरवे, त्रिकोण कापावा की चौकोन, याचा विचार शिवणारी करते. ज्या स्त्रीने चित्रकलेचे नावही ऐकलेले नसते, तिच्या हातून रंगांची अशी जुळणी होते, की पाहणाऱ्याने थबकून राहावे.

गोधडी ऊब देते ती कशी, हेही समजून घेण्यासारखे आहे. कापड स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. थरांच्या मध्ये जी हवा अडकून राहते, ती शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. टाक्यांमुळे थर एकमेकांवरून घसरत नाहीत आणि हवेचे हे लहान लहान कप्पे टिकून राहतात. वापरून वापरून मऊ झालेले सुती कापड घाम टिपते आणि अंगाला टोचत नाही. म्हणूनच नवजात बाळाचे दुपटे आवर्जून जुन्या लुगड्याचे करतात. शास्त्राची पुस्तके न वाचताही अनेक पिढ्यांच्या अनुभवाने हे ज्ञान घरात आले होते.

येथे एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील शेते पांढरी होतात. पहिल्या वेचणीच्या आधी दहीभाताचा नैवेद्य दाखवून पिकाची पूजा करतात. तिला सीतादही म्हणतात. मग ज्या घरी कापसाचे ढीग येऊन पडतात, त्या घरातील माणसांनी चिंध्यांचे पांघरूण का घ्यावे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानातील कापसाकडे, विशेषतः वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. कापसाचे भाव चढले आणि पेरा वाढला. 1867 मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. 1877 मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर हा अरुंद रुळांचा लोहमार्ग झाला; त्यावरील गाडीला पुढे लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले. या साऱ्या वाटांनी कापूस गावाबाहेर गेला. सरकी काढून, गासड्या बांधून तो दूर गेला, तेथे त्याचे सूत झाले, कापड झाले, आणि ते कापड दाम मोजून पुन्हा त्याच गावात आले. शेतकऱ्याच्या दृष्टीने कापूस हे पांघरूण नव्हे. ते देणे फेडण्याचे, बियाणे आणण्याचे, मुलीचे लग्न करण्याचे साधन होते. पाऊस आणि भाव या दोहोंचा भरवसा नसलेल्या या पिकातील मूठभर कापूसही घरात ठेवताना त्याला विचार करावा लागे. पिंजण खांद्यावर घेऊन पिंजारी गावात येई, तारेचा टणत्कार ऐकू येई, परंतु त्याच्याकडून गादी भरून घेणारी घरे थोडी असत. उरलेल्या घरांत स्वतःच्या शेतातील कापूस पोहोचे तो लुगड्याच्या आणि धोतराच्या रूपाने, आणि ती विरल्यावर गोधडीच्या रूपाने.

तेव्हा गोधडीचा जन्म हौसेतून झाला नाही. तो गरजेतून झाला. ही गोष्ट विसरून तिचे कौतुक करणे योग्य होणार नाही. परंतु गरजेने केवळ थर शिवण्यास सांगितले होते. त्यांवर रंगीत ठिगळांची फुले मांडण्यास सांगितले नव्हते. ते त्या स्त्रीचे स्वतःचे होते. अभावाने तिचे हात बांधले, पण तिची दृष्टी बांधली नाही.

आणखी एक मोल गोधडीला आहे. तिच्यात घराचा इतिहास शिवलेला असतो. रात्री गोधडीत शिरलेली नात ठिगळांवरून बोट फिरवीत विचारते, “आजी, हा निया तुकडा कशाचा वं?” आजी म्हणते, “थो तुह्या आबाच्या सदऱ्याचा व्हय, माय. पेरनीले जाये तवा हाच सदरा घाले थो.” ज्या आबांना नातीने कधी पाहिले नाही, त्यांचा सदरा तिच्या अंगावर असतो. आत्याच्या लग्नातले लुगडे, काकांचे धोतर, मोठ्या बहिणीचा परकर अशी सारी नाती एका पांघरुणात शेजारी शेजारी येतात. छायाचित्रे काढण्याची ऐपत नसलेल्या घरांत हीच घराची बखर असे.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची ही रीत फार प्राचीन आहे. संस्कृतात अशा वस्त्राला ‘कंथा’ म्हणतात. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर शिवून त्यांवर भरतकाम करतात, त्या ‘कांथा’ने हेच नाव आजवर जपले आहे. बौद्ध भिक्षूंचे चीवर कापडाचे तुकडे जोडून करतात. मगधातील भातशेतांचे बांध पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला चीवराची शिवण तशी करण्यास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेनंतरच्या महिन्यात, भिक्षुसंघाला कापड अर्पण करतात आणि त्याचे चीवर एका दिवसात सिद्ध करण्याची परंपरा आहे. तिला ‘कठिन’ असे नाव आहे. म्हणजे वऱ्हाडातील बाई ज्या ऋतूत सुई हाती घेते, त्याच ऋतूत अडीच हजार वर्षांपासून ही शिवण चालत आली आहे. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांचे हे वंशज. कवंदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून केलेली फुले बसवल्याखेरीज ती पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात शेंडगाव येथे 1876 मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर चिंध्यांनाच आपला वेश केले. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हाती खराटा आणि जवळ फुटके गाडगे. लोक त्यांना ‘गोधडे महाराज’ असेही म्हणत. ज्या गावी जात, त्या गावाचे रस्ते ते आधी झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने स्वच्छ करीत. 1956 मध्ये त्यांचे निर्वाण झाले. वस्त्राचे तुकडे असले म्हणून माणूस तुकड्यांचा होत नाही, हे त्यांच्या जीवनाकडे पाहिल्यावर पटते.

याहूनही विलक्षण साम्य सातासमुद्रापलीकडे आढळते. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर गीज बेंड नावाचे एक लहान गाव आहे. तेथील कृष्णवर्णीय रहिवाशांचे पूर्वज कापसाच्या मळ्यांत गुलाम होते. ज्या युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मागणी आली, त्याच युद्धाच्या शेवटी, 1865 मध्ये, त्यांची गुलामगिरी कायद्याने संपली. दारिद्र्य मात्र संपले नाही. कापूस वेचणाऱ्या या स्त्रियांनी शेतात झिजलेल्या विजारी आणि सदरे फाडून थंडीसाठी पांघरुणे शिवली. तीही घरच्यासाठी, कोणाला दाखवण्यासाठी नव्हेत. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात ही पांघरुणे भिंतीवर टांगली गेली आणि मोठमोठ्या कलासमीक्षकांनी त्यांची वाखाणणी केली. 2006 मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या चित्रांची तिकिटे काढली. कापूस पिकवणाऱ्या आणि चिंध्या पांघरणाऱ्या दोन दूरच्या प्रदेशांतील स्त्रियांना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते; तरी त्यांच्या सुईची चाल एकच होती.

आज यवतमाळच्या खेड्यांतील चित्र पालटले आहे. बाजारात हलकी, उबदार आणि स्वस्त ब्लँकेटे मिळतात. ती धुण्यास सोपी आणि वाळण्यास सोपी. दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईने अनेक दिवस खर्चून गोधडी शिवण्याऐवजी असे ब्लँकेट आणले, तर तिला दोष देता येणार नाही. शिवाय गोधडीला लागणारे साहित्यही घरात उरलेले नाही. रोजच्या साड्या आता बहुधा कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या लवकर विरत नाहीत, त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्या घाम टिपत नाहीत. ज्वारीच्या जागी सोयाबीनचा पेरा वाढला, तेव्हा भुलाबाईच्या मांडवाला धांडे शोधावे लागू लागले. दाराला प्लास्टिकचे तोरण आले. ते सुकत नाही आणि मातीलाही मिळत नाही. घरगुती कला ही केवळ हातात नसते; ती शेतात, गोठ्यात आणि अंगावरच्या वस्त्रात असते. तेथील वस्तू बदलली, की हाताला कितीही येत असले तरी कला निराधार होते.

असे असले तरी ही वाट अगदी बुजलेली नाही. काही ठिकाणी बचत गटांतील स्त्रिया मागणीप्रमाणे गोधड्या शिवून शहरांत विकू लागल्या आहेत. दूरदेशी राहणारी मराठी कुटुंबे आजीच्या साड्यांची गोधडी मुद्दाम करवून घेतात. पूर्वी पैसा नसल्यामुळे जे करावे लागे, त्यालाच आता पैसा मोजला जात आहे. मात्र एका गोधडीत किती दिवसांचे श्रम आहेत, याचा हिशेब घेणाऱ्याने केला पाहिजे. देशोदेशींचे कापड ज्या हातांनी पिकवलेल्या कापसातून निघाले, त्या हातांना पूर्वी पुरेसे दाम मिळाले नाही. शिवणीच्या बाबतीत तरी तसे पुन्हा घडू नये.

गोधडी शिवण्यास भाग पाडणारे दारिद्र्य नाहीसे व्हावे, अशीच इच्छा कोणीही करील. परंतु दारिद्र्याबरोबर ती दृष्टीही नाहीशी झाली, तर घर संपन्न होऊनही उणे राहील. विरलेल्या वस्त्रातील जिवंत भाग ओळखणे, निरनिराळ्या रंगांच्या तुकड्यांना एका दोऱ्यात आणणे, टाकून देण्याआधी एकदा हातात घेऊन पाहणे, या सवयी केवळ कापडापुरत्या नाहीत. घरातील वृद्ध माणसे, गावातील जुनी झाडे, बोलीतील मागे पडलेले शब्द यांच्याकडेही याच दृष्टीने पाहता येते. धावदोऱ्याचा टाका शिकण्यास एक दुपार पुरते. तो घालणारी बोटे अजून पुष्कळ घरांत आहेत. ती शिकवण्यास उत्सुक आहेत. त्यांच्याजवळ जाऊन बसणारे कोणी हवे.